कंचनप्रबू सापडत नाही

२ ऑगस्ट, शुक्रवार

आज परत ठप्प. सकाळपासून तिसऱ्यांदा. स्क्रीन निळी झाली आणि रुस्मिनी समोर हात मांडीवर ठेवून बसली, जसं कोणाची मय्यत निघायचीय. म्हटलं, "अगं बटण दाब की." तर म्हणे, "चारदा दाबलं, बू." बावीस वर्षं माझी कचेरी सांभाळते, पण रडायची घाई फार.

आमच्या बाटिक कारखान्याच्या सगळ्या नक्ष्या त्या एका कॉम्प्युटरात आहेत, सासऱ्यांच्या काळापासूनच्या. कागदांना वाळवी लागली तेव्हा भाच्याने, बागसने, एकेक कागद उतरवून आत घातला आणि जहाजावर नोकरीला निघून गेला. जाण्याआधी यंत्राचं नाव ठेवलं कंचनप्रबू. सोन्याचा राजा. एवढंसं खोकं आणि नाव राजाचं! मी तेव्हाच म्हटलं होतं, याला पेलायचं नाही.

नाव जड झालं की अंगावर निघतं. हे शाळेत शिकवत नाहीत. मी पाचवीपर्यंत गेले, तिथपर्यंत तरी नाही शिकवलं. सहा वर्षांची असताना तापाने माझं चिपाड झालं होतं. आईने तांबडी-पांढरी पेज केली, गल्लीत वाटली आणि माझं नाव बदलून सुकेसी ठेवलं. आज सदुसष्ट वर्षांची आहे, सगळ्यांची बू म्हणजे बाईसाहेब झालेय, जिने चढते. जुनं नाव इथेसुद्धा लिहीत नाही. आजी विसरून त्याच नावाने हाक मारायची आणि मी दाराआड गप उभी. आईचा हुकूम होता, जुन्या नावाला ओ दिलीस तर ताप तुला परत शोधून काढेल. आजी बिचारी हाका मारून मारून थकायची.

सोमवारी उरकून टाकू. रुस्मिनी म्हणते, यंत्राचं नाव बदलायचं म्हणजे दोन मिनिटांचं काम.

५ ऑगस्ट, सोमवार

झालं बारसं.

रुस्मिनी म्हणाली, घाणेरड्या अंगाला नवं नाव देऊ नये. म्हणून मागचं झाकण काढलं. पंख्यावर मेणाचा थर आणि वर कापसाची तुसं, बोटभर. ब्रशने सगळं खरवडलं. मेणाच्या चुलीजवळ होता तो ओढून खिडकीशी नेला, नव्या नावाच्या माणसाला नवी जागा. मग नाव ठेवलं स्लामेत. सुखरूप. साधं, हलकं, कोणालाही पेलणारं.

कापडावर मेणाचे ठसे मारणारे सगळे खिदळत होते. म्हातारा दुल्कामित म्हणाला, "बू, सुंता कधी करायची याची?"

"आधी तुझी जीभ कापते," म्हटलं. तरी पेज दोन वाट्या खाल्ली त्यानेच.

सगळ्यांना बजावलंय. पस्तीस दिवस जुनं नाव तोंडात घ्यायचं नाही, नवं बाहेर सांगायचं नाही. आईने असंच पाळलं होतं.

संध्याकाळपर्यंत एकदाही बंद पडला नाही. शिकलेल्यांनी यावं आणि बघावं.

६ ऑगस्ट, मंगळवार

वेनिंगचा फोन. सोळा वर्षं माझ्या नक्ष्या काढतेय. जानेवारीत आईचं अर्धं अंग गेलं म्हणून वोनोसोबोला डोंगरात जाऊन राहिली. बागसने तिला जाताना व्हीपीएन लावून दिलं. मला त्यातलं एवढंच कळतं की तिकडे बसून इथलं कपाट उघडायची ती वाट आहे. सहा महिने तसंच चाललं होतं, तक्रार नाही.

आज म्हणाली, "बू, व्हीपीएन लागतंय, हिरवं होतंय. पण फोल्डर उघडायला गेलं की लिहून येतं, कंचनप्रबू सापडत..."

"ते नाव घेऊ नकोस!"

हळूच म्हणाली, "बू?"

"सापडत नाही म्हणजे काय? माझ्या डोळ्यांपुढे बसलाय. कालपासून शिंकलासुद्धा नाही."

"तिकडे काही बदललं का, बू?"

"काय बदलणार? भिंती त्याच, मी तीच. तुझ्याकडचं बघ."

"हो, बू."

खोटं नाही बोलले. पस्तीस दिवस सांगायचं नसतं. आणि नावाचा नि फोल्डरचा काय संबंध? माझं नाव बदललं तेव्हा माझे हातपाय काही बदलले नव्हते.

१० ऑगस्ट, शनिवार

तगालहून हाजी मुनावीर आणि त्यांची बायको येऊन गेले. एकवीस सप्टेंबरला मुलीचं लग्न. घरच्या सत्तर माणसांना एकसारखं कापड हवंय, सासऱ्यांची जाईच्या वेलीची नक्षी. ती जुनी आहे, कडा झिजल्यात. वेनिंगने त्या नीट केल्या की तांबट ठसा बनवणार, त्याला दहा दिवस, मग मेण, रंग, उकळणं. वेळ आहे पण लोळत बसण्याइतका नाही.

वेनिंगला फोन केला. अजून उघडत नाही म्हणे. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पासवर्ड परत घातला, पायथ्याच्या गावात जाऊन दुसऱ्याच्या नेटवर लावून बघितलं.

"बू, मी एक दिवस तिकडे येऊन बघू का?"

"आणि आईला कोण हागवणार-मुतवणार? कशाला नसता खटाटोप? बस तिथेच, होईल."

"हो, बू."

रुस्मिनी म्हणाली, मी फाइल तिला फोनवर पाठवते. पाठवायला बसली तर जाईच्या वेलीची फाइल एवढी मोठी की अर्ध्यातच अडकली. दुपारभर ती रेघ बघत बसलो, पुढे सरकेना. मी म्हटलं, सोड. वाट असताना भिंतीवरून कशाला चढायचं?

१४ ऑगस्ट, बुधवार

हेन्द्रोला बोलावलं, बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करतो तो. माझ्याकडे पहिल्यांदाच आला. शर्ट इस्त्रीचा. स्वतःचा लॅपटॉप आमच्या नेटला जोडला, दोन टिचक्या, आणि सगळी फोल्डरं उघडी. "तुमचा तर ठणठणीत आहे, बू. दोष तिकडे आहे."

मी म्हटलं, "ऐकलंस रुस्मिनी?"

वेनिंगला फोनवर घेतलं त्याने. व्हीपीएन काढ, परत टाक, हे दाब, ते दाब. तासभर. तिकडून फक्त "हो, दादा", "हो, दादा". शेवटी परत तेच, हिरवं होतं पण उघडत नाही. हेन्द्रोने खांदे उडवले. म्हणाला, तिचा कॉम्प्युटरच जुना झाला असेल.

हा गेल्यावर मनात आलं, कॉम्प्युटर जुना की मन उडालंय?

१९ ऑगस्ट, सोमवार

फोन केला तर मागे तेलाचा चर्र आवाज. सकाळी दहा वाजता. घरच्यापुरतं तळलं तर आवाज थांबतो, हा थांबतच नव्हता.

"काय तळतेयस?"

"तेंपे, बू."

"माझं लग्नाचं काम अडलंय आणि तू सोयाबीनच्या वड्या तळतेयस?"

"उघडत नाही ना, बू. रोज चार-पाचदा बघते."

नक्षीमागे पैसे ठरलेत तिचे आणि नक्षीच होत नाहीये. तेव्हा निदान पळापळ तरी करावी माणसाने! तर ही कढईपुढे उभी. दुल्कामितला सांगितलं तर तो उगाच मेण ढवळत राहिला. मग म्हणाला, "बू, वेनिंग कधी खोटं बोललेली मला तरी आठवत नाही."

म्हटलं, "तू तुझं मेण बघ."

२४ ऑगस्ट, शनिवार

केलं एकदाचं. फोन लावला आणि सांगून टाकलं. गोल गोल बोलणं मला जमत नाही.

"निंग, तुला काम करायचं नसेल तर सरळ सांग. फोल्डरच्या नावावर ढकलू नकोस."

तिकडे फक्त कढई.

"मी इथल्या एका दुकानात नक्षी दिलीय. पुढचंही तिथेच देईन. तू आईकडे बघ."

मला वाटलं रडेल, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "हो, बू. इतकी वर्षं सांभाळलंत, फार झालं. काही चुकलं असेल तर पोटात घाला."

तेवढं बोलून थांबली. मी ठेवेपर्यंत तिने फोन ठेवला नाही. कधीच ठेवत नाही आधी.

जेवण गेलं नाही. कोवळ्या फणसाचा मेगोनो भात तसाच राहिला, मांजरीने खाल्ला.

७ सप्टेंबर, शनिवार

ठसा आला परवा. आज कापडावर मारून बघितला. एक ठसा बघावा तर सुरेख. दुसरा शेजारी मारला की वेल तुटते. देठ इकडे, पान तिकडे. दुकानातल्या पोरीने चित्र काढलं, पण ठशाची चारी कडांची सोयरीक जुळावी लागते हे तिला कोण सांगणार? वेनिंगला मी कधी सांगितलं नव्हतं. तिला ते हातातच होतं.

दुल्कामितने कापड उजेडात धरलं. "ही वेल नाही, बू. पालीच्या तुटलेल्या शेपट्या आहेत."

हसले सगळे. मलाही हसू आलं आणि मग आलं नाही.

नवा ठसा करायला वेळ उरला नाही. मारा म्हटलं, असाच.

९ सप्टेंबर, सोमवार

लिहू की नको. लिहिते.

आज पस्तीस दिवस पुरे झाले. थोडी पेज केली. हेन्द्रो आला होता रुस्मिनीच्या प्रिंटरसाठी. त्यालाही वाटी दिली. पोरगा खुश. म्हणाला, "कसली पेज, बू? कोणाचं बाळ?"

म्हटलं, आता सांगायला हरकत नाही. थाटात सांगितलं सगळं. आधी रोज आजारी पडायचा, नाव बदललं, महिनाभर खडखडीत. तुम्ही शिकलेले लोक हसाल म्हटलं.

तो हसला नाही. चमचा वाटीत ठेवला.

"नाव बदललंत? आतलं? खरंखुरं?"

"मग काय खोटंखोटं?"

"कधी, बू?"

"पाच ऑगस्टला."

"आणि वेनिंगचं उघडायचं कधी बंद झालं?"

मी रुस्मिनीकडे बघितलं. रुस्मिनी जमिनीकडे.

"सहाला," मी म्हटलं.

मग त्याने समजावलं. तिचा कॉम्प्युटर रोज त्या वाटेने नीट इथपर्यंत येत होता. वाटेत काही खोट नव्हती. दाराशी येऊन त्याला शिकवलेल्या नावाने हाक मारत होता. आत त्या नावाचं कोणी राहिलंच नव्हतं. म्हणून सापडत नाही असं लिहून यायचं. हेन्द्रो इथल्या इथे जोडला, त्याला नवंच नाव दिसलं, म्हणून त्याचं लगेच उघडलं. "माझंच चुकलं, बू. तिला नेमकं काय लिहून येतंय ते मी विचारायला हवं होतं."

"मला सांगितलं होतं तिने," म्हटलं. "पहिल्याच दिवशी. मी तिचं तोंड दाबलं."

दुरुस्त करायला किती वेळ विचारलं. दोन मिनिटं म्हणाला.

यंत्राला दोष देता येत नाही. मी सांगितलं तसंच वागलं ते. जुन्या नावाला ओ दिली नाही. ती रोज चार-पाचदा हाक मारत होती आणि मी इथे दाराआड उभी.

१० सप्टेंबर, मंगळवार

तीनदा फोन हातात घेतला. चौथ्यांदा लावला. मागे कढई.

"निंग, ते फोल्डरचं कळलं. इकडचंच होतं."

"हो का, बू? बरं झालं."

एवढंच! मी तयारी करून बसले होते. बोल लावेल, मग मी काय ते म्हणेन. तिने बोल लावलाच नाही, मग माझं म्हणायचं तसंच राहिलं. कारखान्यातली माणसं कशी आहेत विचारत बसली.

फोनवर काही होत नाही. शनिवारी जाते.

१४ सप्टेंबर, शनिवार

वोनोसोबोला जाऊन आले. रस्ता वळणावळणाचा. बरोबर दोन लुगडी नेली, सुकी मासळी नेली.

बाजाराच्या कोपऱ्यावर तिची गाडी. पिठातले तेंपे तळते, लोक रांगेत उभे. हात तसाच. प्रत्येक तुकडा एका मापाचा, पीठ कडेला सारखं पसरलेलं. मला बघून झारा खाली ठेवला, हात पुसले, माझा हात कपाळाला लावला. "बू, एवढ्या लांब? निरोप पाठवायचा, मी आले असते."

येऊ का म्हणाली होती तेव्हा. मीच नको म्हटलं होतं.

घरी नेलं. आई खाटेवर. तोंड एका बाजूला गेलंय, पण हाका चालूच. मुलीचं नाव राहत नाही तिच्या लक्षात. कधी मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारते, कधी मोठ्या मुलीच्या, एकदा तर चुलत्याच्या. वेनिंग चहा गाळता गाळता प्रत्येक नावाला ओ देते. "ओ, आई." "आले, आई." मी आठ नावं मोजली. एकदाही म्हणाली नाही की हे माझं नाव नव्हे.

माझ्या हातातला चहा निवून गेला.

मी नावाचं सगळं सांगितलं. ती हसली. खरंच हसली. "स्लामेत? छान नाव आहे, बू."

"तुला राग नाही आला?"

"राग कशाचा? मला आपलं वाटलं होतं की तुम्हीच बंद केलंत."

"मी?"

"तोंडावर 'नको' म्हणायला जड जात असेल, म्हणून दार लावून घेतलं असेल. मी आपण होऊन समजावं, अशी इच्छा असेल. म्हणून मग फार विचारलं नाही, बू. येऊ का विचारलं, तर तुम्ही नको म्हणालात. तेव्हा पक्कंच वाटलं."

"अगं, मी तोंडावर बोलणारी बाई!"

"हो, बू. शेवटी बोललात की."

खिडकीजवळ तिचं टेबल होतं. त्यावर तेलाचे डबे आणि पिठाची परात. कॉम्प्युटर कुठे विचारलं तर म्हणाली, नणंदेच्या मुलीला दिलाय, शाळेसाठी. म्हटलं, परत मागून घे, काम सुरू करायचंय. नक्षीमागे नाही, महिन्याचे ठरवू. हाजींच्या घरच्या लग्नाचं गेलं ते गेलं.

"हो, बू. बघते."

"कधीपासून?"

"बघते, बू."

निघताना केळीच्या पानात गरम तेंपे बांधून दिले. बस सुटेपर्यंत फाट्यावर उभी होती, कढई तशीच सोडून.

जे बोलायला गेले होते ते शब्द बोलले नाही. लुगडी दिली, मासळी दिली, पगार देऊ केला. ते चार शब्द बसमध्ये आठवले, उतारावर.

१६ सप्टेंबर, सोमवार

रुस्मिनीला सांगितलं, जुनं नाव परत घाल.

तिचे डोळे एवढाले. "बू! परत आजारी पडला तर?"

"पडू दे."

"हेन्द्रो म्हणतो, वेनिंगच्याच कॉम्प्युटरमध्ये नवं नाव घालायचं. ते सोपं."

"तिला का त्रास? बदललं आपण. तिने रोज मारली तीच हाक मारावी आणि आतून ओ यावी, एवढंच."

दोन मिनिटंही लागली नाहीत. कंचनप्रबू. पेज केली नाही. दुल्कामितने विचारलं, "या वेळी खायला काही नाही का?" मग तोच टोपी सारखी करून निघून गेला.

आता बंद करायचा नाही म्हणून सांगितलंय. दिवस-रात्र, सुट्टीलाही चालू राहील.

२३ सप्टेंबर, सोमवार

लग्न झालं परवा. जेवण चांगलं होतं. हाजींच्या बायकोने माझा हात धरून सांगितलं, कापड फार सुंदर आलं. तिने स्वतःचं असं नेसलं होतं की वेलीचे तुटके जोड सगळे निऱ्यांच्या आत.

५ ऑक्टोबर, शनिवार

हेन्द्रोने एक जागा दाखवलीय. वाटेने कोण आत आलं ते तिथे दिसतं, नाव आणि वेळ. सकाळी एकदा बघते, दुपारी एकदा. रिकामी असते.

आज वोनोसोबोला मासळी नेऊन विकणारा आला होता, त्याच्या हाती वेनिंगने तेंपे पाठवले. म्हणाला, धंदा जोरात आहे, दुसरी गाडी टाकतेय. पहिली गाडी कॉम्प्युटर विकून घेतली होती असंही काहीतरी म्हणाला. तो चुकत असेल, त्याला काय माहीत. नणंदेच्या मुलीकडे आहे, तिने स्वतः सांगितलंय मला.

दुपारी यंत्र बंद पडलं, दोन महिन्यांनंतर पहिल्यांदा. रुस्मिनी उठायच्या आत मी जाऊन बटण दाबलं आणि जुनं नाव स्क्रीनवर येईपर्यंत उभी राहिले. नेमकी तेवढ्यातच तिने हाक मारली आणि इथे कोणी नसलं तर?

रुस्मिनी म्हणाली, "बू, बसा तरी. आता कोण येणार आहे?"

म्हटलं, बघते म्हणालीय ती. सोळा वर्षांत बघते म्हणाली आणि केलं नाही, असं एकदाही झालेलं नाही.